घटनापीठ, खंडपीठ आणि घटनात्मक न्यायालय

परभणीच्या एका वाचकांनी विचारलं आहे : "आपलं खंडपीठ औरंगाबादला आहे, तसं घटनापीठ दिल्लीला आहे का? ते सुप्रीम कोर्टाहून मोठं की लहान? बातम्यांत कधी घटनापीठ, कधी संविधान पीठ, कधी घटनात्मक न्यायालय असं येतं, ते एकच का? मुलगी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते, तिचाही यात गोंधळ होतो."

आधी सरळ उत्तर. घटनापीठ नावाचं वेगळं कोर्ट नाही. त्याला स्वतःची इमारत नाही, कायमचे न्यायाधीशही नाहीत. संविधानाचा अर्थ लावण्याचा महत्त्वाचा प्रश्न एखाद्या प्रकरणात असेल, तर ते सर्वोच्च न्यायालयाच्या किमान पाच न्यायमूर्तींनी ऐकावं, असं अनुच्छेद १४५(३) सांगतो. त्या प्रकरणापुरते एकत्र बसलेले हे न्यायमूर्ती म्हणजे घटनापीठ. कोण बसणार ते सरन्यायाधीश ठरवतात. निकाल लागला की ते पीठ संपलं. संविधान पीठ हा त्याचाच हिंदी वळणाचा शब्द, चॅनेलवाल्यांमुळे आपल्याकडे रुळलेला. दोन्हींच्या अर्थामध्ये फरक नाही.

तरी प्रश्न पडणं अगदी साहजिक आहे, मराठवाड्यात तर जास्तच. आपल्या कानाला 'पीठ' म्हणजे जागा. तुळजापूर, माहूर ही शक्तिपीठं, तशीच विद्यापीठ, व्यासपीठ. त्यात भर पडली खंडपीठाची. २७ ऑगस्ट १९८१ रोजी मुंबई उच्च न्यायालयाचं खंडपीठ औरंगाबादला सुरू झालं (शहराचं नाव आता छत्रपती संभाजीनगर). त्या निर्णयाला आव्हान दिलं गेलं, ते पार सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि तिथं खंडपीठ टिकलं. १९८४मध्ये ते कायम झालं. तेव्हापासून "खंडपीठात जायचंय" याचा इथला अर्थ एकच : अमुक शहरातली अमुक इमारत. आमच्या भागात दोन पिढ्या हा शब्द गावाच्या नावासारखा वापरत आल्या आहेत.

पण वकिलांच्या भाषेत खंडपीठ म्हणजे दोन न्यायमूर्तींचं पीठसुद्धा. एक असेल तर एकलपीठ, दोन असतील तर खंडपीठ, तीन किंवा जास्त असतील तर पूर्णपीठ. म्हणून वर्तमानपत्रात "औरंगाबाद खंडपीठातील न्यायमूर्तीद्वयांच्या खंडपीठाने" असं वाक्य येतं आणि वाचणारा अडखळतो. पहिलं खंडपीठ जागा आहे, दुसरं माणसं. माझं मत असं की जागेसाठी खंडपीठ ठेवावं आणि दोघांसाठी 'द्विसदस्यीय पीठ' लिहावं. कोल्हापूरला २०२५मध्ये सुरू झालेल्याला लोक सर्किट बेंच (फिरतं पीठ) म्हणतात, तिथं निदान हा घोळ नाही.

आता एक शब्द मुद्दाम सांगतो, कारण तो आपल्या मातीतला आहे आणि विसरला चाललाय. निजामाच्या राज्यात कोर्टाची भाषा उर्दू होती आणि पीठाला शब्द होता 'इजलास'. पूर्णपीठ म्हणजे इजलास-ए-कामिल. अरबीत ज-ल-स या धातूचा अर्थ बसणं. त्यातूनच मजलिस आला, त्यातूनच आपला जलसाही आला. म्हणजे इजलास हे न्यायाधीशांचं बसणं आहे, बसण्याची जागा नव्हे. घटनापीठाचा अर्थ नेमका हाच. नेपाळमध्ये हा शब्द आजही जिवंत आहे : २०१५च्या तिथल्या संविधानानुसार सर्वोच्च न्यायालयात प्रधान न्यायाधीश आणि आणखी चार न्यायाधीशांचा 'संवैधानिक इजलास' बसतो.

मोठं की लहान, याचं उत्तर आपल्याच अनुभवात सापडेल. मराठा आरक्षणाचं प्रकरण आठवा. ९ सप्टेंबर २०२० रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठानं आरक्षणाला स्थगिती दिली आणि प्रकरण मोठ्या पीठाकडे सोपवलं. कारण त्यात १०२व्या घटनादुरुस्तीचा अर्थ लावायचा होता : मागास वर्ग ठरवण्याचा अधिकार आता केंद्राचा की राज्यांचाही? मग पाच जणांचं घटनापीठ बसलं, आणि ५ मे २०२१ रोजी निकाल आला. आरक्षणावरची ५० टक्क्यांची मर्यादा मात्र १९९२च्या इंद्रा साहनी निकालातली, आणि तो निकाल नऊ न्यायमूर्तींचा. नऊ जणांचं म्हणणं पाच जणांना मोडता येत नाही. फार तर ते आणखी मोठ्या पीठाकडे पाठवायची गरज आहे का, एवढंच ते ठरवू शकतात. पाचही जणांनी गरज नाही असं सांगितलं. घटनादुरुस्तीच्या अर्थावर मात्र ३ विरुद्ध २ अशी फूट पडली, आणि राज्यांचा अधिकार स्पष्ट करण्यासाठी संसदेला त्याच वर्षी १०५वी दुरुस्ती करावी लागली. तेव्हा घटनापीठ सर्वोच्च न्यायालयाहून मोठंही नाही, लहानही नाही. ते सर्वोच्च न्यायालयच आहे. लहान-मोठं ठरतं ते पीठापीठांत, न्यायमूर्तींच्या संख्येवर. आजवरचं सगळ्यात मोठं पीठ तेरा जणांचं, १९७३च्या केशवानंद भारती प्रकरणातलं. तिथं निकाल ७ विरुद्ध ६ असा लागला. त्या एका मतावर 'संविधानाची मूलभूत चौकट संसदेलाही मोडता येत नाही' हे तत्त्व उभं राहिलं.

आता 'घटनात्मक न्यायालय'. हे आपल्याकडे बहुतेक वेळा अनेकवचनात येतं, आणि तेव्हा त्यात सर्वोच्च न्यायालयाबरोबर सगळी उच्च न्यायालयंही येतात. अनुच्छेद ३२ आणि २२६नुसार मूलभूत हक्कांसाठी रिट (सरकारला बांधणारा आदेश) काढायचा अधिकार त्यांना आहे म्हणून. या अर्थानं औरंगाबादला रिट याचिका दाखल करणारा शेतकरी घटनात्मक न्यायालयातच गेलेला असतो. लातूरच्या दिवाणी न्यायालयासमोर मात्र एखादा कायदाच घटनाबाह्य असल्याचा मुद्दा आला, त्यावर निकाल अवलंबून असला आणि न्यायाधीशालाही तो मुद्दा पटला, तर त्या न्यायाधीशाला तो प्रश्न उच्च न्यायालयाकडे पाठवावा लागतो.

काही देशांत मात्र याच कामासाठी खरोखर वेगळं कोर्ट, म्हणजे संवैधानिक न्यायालय, असतं. ऑस्ट्रियानं १९२०च्या संविधानात ते आणलं. जर्मनीत १९५१पासून कार्ल्सरूह शहरात ते आहे. प्रत्येकी आठ न्यायाधीशांची दोन दालनं, निम्मे न्यायाधीश संसदेचं एक सभागृह निवडतं, निम्मे दुसरं, तेही दोन तृतीयांश मतांनी. मुदत बारा वर्षांची, पुन्हा नेमणूक नाही. तिथं चोरीमारीची, जमिनीची अपिलं जात नाहीत, ती दुसऱ्या कोर्टात. दक्षिण आफ्रिकेत अकरा न्यायाधीशांचं असं न्यायालय जोहान्सबर्गला आहे. १९९५मध्ये फाशीची शिक्षा घटनाबाह्य ठरवणारं तेच. आपल्याकडेही २००९मध्ये विधी आयोगानं २२९व्या अहवालात सुचवलं होतं की दिल्लीत घटनापीठ असावं आणि नेहमीच्या अपिलांसाठी चार विभागांत वेगळी पीठं असावीत. ते झालं असतं तर तुमचा अंदाज बरोबर ठरला असता.

मुलीला सांगा : उत्तरपत्रिकेत भारताबद्दल लिहिताना 'घटनापीठ' लिही आणि पुढं न्यायमूर्तींची संख्या दे. जर्मनी किंवा दक्षिण आफ्रिकेबद्दल 'संवैधानिक न्यायालय' लिही, घटनापीठ नको. आणि 'घटनात्मक न्यायालये' असं अनेकवचन दिसलं की त्यात उच्च न्यायालयं धर.