सापाची अंडी : फलित कोणती, वाया गेलेली कोणती?

या वेळी आलेल्या बहुतेक प्रश्नांचा रोख अंड्यांकडे आहे. काही प्रश्न परदेशी साप पाळणाऱ्यांचे आहेत, तर काही शेतात अचानक अंडी सापडलेल्यांचे. दोघांसाठी नियम वेगळे असल्याने उत्तरेही वेगळी द्यावी लागतील.

प्रश्न : माझ्याकडे बॉल पायथन या आफ्रिकी अजगराची जोडी असून तिची केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर रीतसर नोंद केलेली आहे. मादीने तीन दिवसांपूर्वी सात अंडी घातली. पाच पांढरी व एकमेकांना चिकटलेली आहेत, दोन लहान व पिवळसर आहेत. पिवळी अंडी आताच काढून टाकावीत काय? (शाहूपुरी, सातारा)

उत्तर : वर्णनावरून ती दोन अंडी अफलित असण्याचीच शक्यता अधिक आहे. फलित अंड्याचे कवच पांढरेशुभ्र, कोरडे आणि चामड्यासारखे चिवट असते. अफलित अंडे बहुधा आकाराने लहान, पिवळट आणि मेणचट दिसते. तथापि रंग हा अंदाजाचा आधार आहे, निकालाचा नव्हे. ओल लागून डागाळलेल्या अंड्यातूनही धडधाकट पिल्लू निघते आणि दिसायला निर्दोष असलेले अंडे आतून रिकामे निघू शकते. म्हणून उजेडाची तपासणी करावी.

खोलीत पूर्ण अंधार करून एक लहान एलईडी टॉर्च घ्यावा. त्याच्या तोंडावर काळा जाड कागद गुंडाळून जेमतेम एक सेंटिमीटरचे छिद्र ठेवावे, म्हणजे उजेड बाजूने पसरत नाही. अंडे जागचे न हलवता छिद्र कवचाच्या बाजूला अलगद टेकवावे आणि काही सेकंदांतच दूर घ्यावे, कारण टॉर्चही तापतो. अंडे फलित असेल तर आतून गुलाबी-तांबूस झाक येते आणि कवचाच्या आतल्या अंगाला जाळीदार पिंपळपानाच्या शिरांसारख्या बारीक लाल रक्तवाहिन्या पसरलेल्या दिसतात. अफलित अंड्यात एकसारखा पिवळा उजेड भरतो; रेषा नाही, ठिपका नाही. अजगरवर्गीय मादीच्या पोटातच गर्भाची बरीच वाढ झालेली असल्याने या शिरा अनेकदा अंडी घातल्याच्या दिवशीही दिसतात. कॉर्न स्नेक (अमेरिकेतील बिनविषारी साप) यांसारख्या सापांच्या बाबतीत मात्र पाच ते सात दिवस थांबून पाहणे बरे. पहिल्या तपासणीत काहीच दिसले नाही तर आठवड्याने पुन्हा पाहावे. रोज पाहू नये.

आधी दिसलेल्या शिरा पुढे पुसट होऊन त्यांच्या जागी तपकिरी डाग किंवा रक्ताचे तुटक कडे दिसू लागले, तर गर्भ वाढता वाढता मेला असे समजावे. याउलट शेवटच्या पंधरवड्यात अंडे जवळजवळ पूर्ण काळोखे दिसते आणि उजेड आरपार जात नाही. पिल्लाने आतली जागा व्यापलेली असते एवढाच त्याचा अर्थ. त्याला पाहून घाबरणारे पुष्कळ आहेत.

चिकटलेली पाच अंडी तशीच राहू द्यावीत. तीन दिवसांनंतर ती ओढून सोडवू गेल्यास कवच फाटते. पिवळी दोन मोकळी असतील तर वेगळ्या डब्यात ठेवून त्यांच्यावर लक्ष ठेवावे. पिल्ले निघाल्यावर त्यांचीही पोर्टलवर नोंद करावी लागते, हे लक्षात असू द्यावे.

प्रश्न : आमचा कुक्कुटपालनाचा व्यवसाय आहे. मुलाच्या कॉर्न स्नेकची अंडी कोंबडीच्या उबवणी यंत्रात ठेवून चालतील काय? त्यात अंडी आपोआप फिरतात. (तासगाव, जि. सांगली)

उत्तर : नाही, आणि त्याची कारणे दोन आहेत. कोंबडीच्या अंड्यांसाठी यंत्र साधारण ३७.५ अंश सेल्सिअसवर चालते. कॉर्न स्नेकच्या अंड्यांना २७ ते २९ अंश पुरतात, तर बॉल पायथनला ३१ ते ३२. कोंबडीच्या तापमानात सापाचा गर्भ जगत नाही.

दुसरे कारण फिरवण्याचे. कोंबडीच्या अंड्यात बलक दोन्ही बाजूंनी पिळदार दोऱ्यांनी मधोमध धरलेला असतो, आणि गर्भ कवचाला चिकटू नये म्हणून अंडे फिरवावे लागते. सापाच्या अंड्यात असे दोरे नसतात. गर्भ वरच्या बाजूला स्थिरावून तेथेच कवचाखालच्या पडद्याशी जोडला जातो. अंडे उलटले तर ती जोडणी तुटू शकते अथवा बलकाच्या भाराखाली गर्भ दबून मरू शकतो. म्हणून अंडी उचलण्यापूर्वीच प्रत्येकाच्या माथ्यावर मऊ पेन्सिलीने खूण करावी आणि ती खूण शेवटपर्यंत वरच राहील असे पाहावे. शाईचा पेन वापरू नये.

झाकणाचा प्लॅस्टिक डबा, त्यात समान वजनाच्या पाण्यात भिजवलेले व्हर्मिक्युलाइट (ओल धरून ठेवणारे खनिजाचे हलके दाणे), आणि तो डबा थर्मोस्टॅट लावलेल्या थर्माकोलच्या पेटीत, एवढी व्यवस्था पुरते. व्हर्मिक्युलाइट मुठीत दाबल्यावर पाणी ठिबकता कामा नये. सांगली भागात एप्रिल-मे महिन्यांत खोलीचाच पारा हव्या त्या अंशांच्या कितीतरी वर जातो. अशा दिवसांत पेटी तापवण्यापेक्षा थंड राखणे हीच खरी अडचण असते, आणि त्यावर घरातील सर्वांत गार, तळमजल्यावरची खोली हाच स्वस्त उपाय होय.

प्रश्न : एका अंड्यावर बुरशी आली आहे आणि दुसऱ्याला खळगा पडला आहे. दोन्ही फेकून द्यावीत काय? (कराड)

उत्तर : अंडी केव्हा घातली ते आपण कळवलेले नाही आणि उत्तर त्यावरच अवलंबून आहे. सुरुवातीच्या आठवड्यांत खळगा पडला असेल तर ओलावा कमी पडतो आहे. अंड्यावर पाणी न शिंपडता भोवतालचे व्हर्मिक्युलाइट कडेकडेने ओले करावे. पिल्ले निघण्यास पंधरा दिवस उरले असतील तर असा खळगा स्वाभाविक आहे. बुरशी बहुतांशी मेलेल्या अंड्यापासून सुरू होते, पण शेजारचे जिवंत अंडे तिला पुष्कळदा तोंड देऊन टिकते. ती कोरड्या कापसाने पुसून घ्यावी. उजेडात शिरा दिसत असतील तर अंडे ठेवावेच. दुर्गंधी येऊन ते बसत चालले असेल, तरच काढावे.

प्रश्न : मादी माझ्याकडे आल्यापासून एकटीच आहे, तरी तिने अंडी घातली. ती अफलितच समजावीत ना? (विश्रामबाग, सांगली)

उत्तर : तसे गृहीत धरू नये. अनेक जातींच्या माद्या नराचे शुक्राणू महिनोन्‌महिने शरीरात साठवून ठेवतात, त्यामुळे आपल्याकडे येण्यापूर्वीचे मीलन आता फळाला आले असेल. नराविना पिल्ले होण्याची उदाहरणेही अजगरवर्गीय सापांत नोंदलेली आहेत. आपल्या कुंड्यांच्या मातीत सापडणारा वाळा हा गांडुळासारखा दिसणारा इवलासा साप तर केवळ माद्यांचीच जात आहे. उजेडाची तपासणी करावी आणि मगच ठरवावे.

प्रश्न : उसाचे पाचट गोळा करताना दहा-बारा लांबट पांढरी अंडी सापडली. घरी आणून उबवता येतील काय? (पलूस, जि. सांगली)

उत्तर : येणार नाहीत, आणि ती फलित आहेत की नाहीत हे टॉर्च लावून पाहण्याचीही आवश्यकता नाही. भारतीय साप पाळणे बेकायदा आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ मधील शिकारीच्या व्याख्येतच सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंड्यांना इजा करणे किंवा ती विस्कटणे यांचा समावेश होतो. पाचटात अंडी धामणीची असू शकतात, पाणदिवडीची असू शकतात आणि नागाचीही. नागीण अंड्यांजवळ थांबून राखण करते, म्हणून पाचटात हात घालू नये. तेवढा ढीग तसाच झाकून ठेवावा, मजुरांना जागा दाखवून सावध करावे. हलवणे अटळच असेल तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.

प्रश्न : देवघरातील तसबिरीमागे दोन गोल पांढरी अंडी आहेत. शेजारी म्हणतात, ती घोणशीची आहेत. (वाई)

उत्तर : घोणस अंडी घालतच नाही, फुरसे आणि मांडूळ यांच्याप्रमाणे ती थेट पिल्लांना जन्म देते. सापाची अंडी लांबट व चिवट असतात. तसबिरीमागची सुमारे एक सेंटिमीटरची, गोल, टणक कवचाची जोडी पालीची असते.