सूडपट आणि ‘शोले’चा शेवट

प्रश्न : नवा सूडपट पाहून आलो की आमच्या मित्रमंडळींत वाद रंगतो. हल्लीचे नायक खलनायकाला स्वतःच संपवतात. मग ‘शोले’तल्या ठाकूरने गब्बरला जिवंत का सोडले? – एक वाचक, सांगली

उत्तर : ठाकूरला तसे करायला लावले गेले. रमेश सिप्पी यांनी चित्रित केलेल्या मूळ शेवटात, हात गमावलेला ठाकूर खिळे ठोकलेल्या बुटांनी गब्बरला तुडवतो आणि गब्बर मरतो. परंतु १९७५ साली, आणीबाणीच्या काळात, माजी पोलीस अधिकाऱ्याने कायदा हातात घेणे सेन्सॉर मंडळाला मान्य झाले नाही आणि ऐन वेळी पोलीस येऊन त्याला अडवतात, असा शेवट नव्याने चित्रित करावा लागला. मूळ शेवटासह पुनरुज्जीवित केलेली प्रत जून २०२५ मध्ये इटलीतील बोलोन्या येथे दाखवली गेली. मला तोच शेवट अधिक सच्चा वाटतो, कारण त्यात सूड पुरा झाल्यावर ठाकूर विजयाने ताठ उभा राहत नाही, तर कोसळून रडतो, आणि संजीव कुमार यांचा तो हुंदका आजच्या रक्तबंबाळ सूडपटांत मला क्वचितच सापडतो. तुमच्या मंडळींनी दोन्ही शेवट लागोपाठ पाहून मगच वाद घालावा.