खुर्च्या मांडण्याआधी

मिरज

प्रिय पोरी,

तुझं पत्र मिळालं. दर महिन्याला एका शनिवारी ओपीडीच्या हॉलमध्ये सगळ्या कॅन्सर पेशंटना एकत्र बसवायचा तुझा बेत कळला. बेत चांगला आहे. पण खुर्च्या मांडण्याआधी एकेकाला विचारून घे : तुम्हाला कुणाशी बोलावंसं वाटतं? आणि मुळात बोलायचंय का?

उत्तरं भलतीच वेगवेगळी येतील. तासगावकडची एक बाई मला म्हणाली होती, "माझ्यासारखंच छातीचं ऑपरेशन झालेली कुणीतरी भेटवा. पण आमच्या तालुक्यातली नको." घरात लग्नाची मुलगी होती. गावात कळलं तर स्थळं परत जातील, याची तिला धास्ती. तिला आम्ही वाळव्याच्या एका बाईंशी गाठ घालून दिली. पडदा ओढून दोघी बसल्या. वाळव्याच्या बाईंनी ब्लाऊजला आतून शिवलेला कप्पा दाखवला, त्यातली मोहरी भरलेली कापडी पिशवी काढून तिच्या हातात ठेवली. मोहरी किती भरायची, म्हणजे दोन्ही बाजू सारख्या दिसतात आणि खांद्यालाही ओढ बसत नाही, ते समजावलं. हे मला सांगता आलं नसतं, डॉक्टरांनाही नाही. आणि भरल्या हॉलमध्ये त्या बाईंनी पिशवी काढलीच नसती.

न्यूयॉर्कच्या टेरीस लॅसर यांनी स्वतःचं स्तनाचं ऑपरेशन झाल्यावर १९५२ साली सुरू केलेलं 'रीच टू रिकव्हरी' हे कामही याच धर्तीचं. त्या ऑपरेशनमधून गेलेल्या बाईनं दुसरीला जाऊन भेटायचं.

गटाचा फायदा सगळ्यांना सारखा होतो असंही समजू नकोस. मानसशास्त्रज्ञ व्हिकी हेल्गेसन आणि सहकाऱ्यांनी २००० साली अमेरिकेतल्या स्तनाच्या कॅन्सरच्या बायकांविषयी जे मांडलं, ते मला फार महत्त्वाचं वाटतं. ज्यांना नवऱ्याचा किंवा डॉक्टरांचा आधार कमी पडत होता, त्यांना आपसात बोलण्याच्या गटाचा उपयोग झाला. ज्यांना आधीच भक्कम आधार होता, त्यांना मात्र अपायच झाला. तेव्हा "घरी कोण कोण असतं, मनातलं कुणाला सांगता?" हे विचारल्याशिवाय कुणालाही आग्रह करू नकोस.

आपल्याकडे तंबाखू-मिश्रीमुळे तोंडाच्या कॅन्सरचे पेशंट पुष्कळ. नाकात नळी, हातात लाळ पुसायला रुमाल, शब्द उमटत नाहीत. अशा माणसाला चारचौघांत ओळख करून द्यायला लावणं म्हणजे छळच. त्याला त्याच ऑपरेशनमधून गेलेला, आता दुधात भाकरी कुस्करून खाणारा एकच माणूस भेटव. आजार पसरलेल्यांनाही वेगळं बसू दे. "मी बरा झालो, तुम्हीही व्हाल" हे त्यांना ऐकवत नाही.

अजून एक. पेशंटला स्वतःचा आजार माहीत आहे का, हे आधी डॉक्टरांकडून आणि नातेवाइकांकडून काढून घे. कित्येकांना घरच्यांनी नुसती "गाठ आहे" एवढंच सांगितलेलं असतं. ते गटात कुणाच्या तोंडून कळता कामा नये.

आज नको म्हणणारा दुसऱ्या केमोनंतर हो म्हणेल, म्हणून पुन्हा विचारत राहा. आणि जत, अथणीकडच्या बायकांसाठी कानडी बोलणारी, उपचार पुरे झालेली एखादी मावशी आत्तापासूनच बघून ठेव. पहिल्या काही जणांची उत्तरं मला लिहून पाठव, मग गटाचं ठरवू.

तुझी,
मॅडम