मनाला पटलेल्या वाटेने जाणं हा अहंकार आहे का?

घरात चालत आलेलं सोडून मनाला पटेल तसं जगू लागलो तर तो अहंकार ठरेल का, असं तुम्ही विचारलं आहे. हा प्रश्न वाचला आणि मला बहिणाबाई आठवल्या. खानदेशातल्या चौधरी नव्हेत, सतराव्या शतकातल्या शिऊरच्या संत बहिणाबाई.

ब्राह्मणाघरची मुलगी, लहानपणीच वयाने कितीतरी मोठ्या बिजवराला दिलेली. कोल्हापुरात जयरामस्वामींच्या कीर्तनाला जायची, तर तिच्या मागोमाग वासरूही जायचं. नवऱ्याला हे देवाचं वेड सहन होईना, त्याने तिला बेदम मारलं. त्यात स्वप्नात दर्शन झालं म्हणून तिने तुकोबांना गुरू मानलं. ब्राह्मणाच्या बायकोचा गुरू शूद्र! घरात केवढा आगडोंब उसळला असेल. हे सगळं तिने स्वतःच्याच अभंगांत सांगून ठेवलं आहे.

तिने नवऱ्याचा द्वेष केला नाही. तो आजारी पडला तेव्हा सेवा केली, पण तुकोबांचं नाव काही सोडलं नाही. (मार खात घरात राहावं असं मी अजिबात म्हणत नाही. आज कुणावर ती वेळ आली तर तिने आधी बाहेर पडावं.) पुढे तो स्वतःच तिच्यासोबत देहूला गेला. आणि याच बाईने 'वज्रसूची' हा संस्कृत ग्रंथ मराठीत आणून, ब्राह्मण नेमकं कुणाला म्हणायचं, हा प्रश्न मांडला.

अहंकाराला समोरच्याला हरवायचं असतं. बहिणाबाईंना कुणालाच हरवायचं नव्हतं, म्हणून मी त्यांना मुक्त म्हणते.

माझे वडील गेले तेव्हा तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी आई अंघोळ करून देवापुढे बसली. करंडा उघडताना तिची बोटं थरथरत होती. आधी मेण, मग कुंकू, रोजच्यासारखं. थोरली काकू दारातून बघत होती. आई एवढंच म्हणाली, "वहिनी, हे मी लग्नाच्या आधीपासून लावते." मग पूजा आटोपली आणि सगळ्यांसाठी चहा टाकला.

काकू चहाला थांबली नाही. वर्षभर बोललीही नाही. आई मात्र प्रत्येक सणाला तिच्याकडे डबा पाठवत राहिली.