फ्रीजमध्ये ठेवलेली प्लेटलेट्सची पिशवी कोमट पाण्यात धरून परत नीट होते का?

तुम्ही लिहिलंय की वडिलांना डेंग्यू आहे, रक्तपेढीतून आणलेली पिशवी वॉर्डातल्या फ्रीजमध्ये तासभर राहिली आणि आता ती गरम करून लावता येईल का. नाही. कोमट पाण्यात धरू नका, काखेतही नाही. सिस्टरना आणि रक्तपेढीला खरं काय झालं ते सांगा. ओरडा बसेल, पण लपवू नका.

मी रक्तपेढीत टेक्निशियन आहे. आमच्या खिडकीवर एकदा एक गृहस्थ कोपऱ्यावरच्या रसवंतीतून बर्फ घेऊन थर्मासच्या डब्यासकट आले होते, मोठ्या काळजीने. चूक त्यांची नव्हती. रक्त म्हटलं की थंड ठेवायचं, हे सगळ्यांच्या डोक्यात बसलंय आणि लाल पेशींसाठी ते खरंही आहे: 2 ते 6 अंश. प्लेटलेट्सना मात्र 20 ते 24 अंश लागतात, शिवाय पाळण्यासारख्या हलणाऱ्या यंत्रावर अखंड डुलवावं लागतं. हलवलं नाही तर पिशवीच्या प्लास्टिकमधून ऑक्सिजन नीट पोचत नाही, आत आम्ल साठतं आणि पेशी मरतात.

थंडीने काय बिघडतं? प्लेटलेट मुळात चपटी चकती असते. गारठली की ती गोल होते, काटे काढते. तिच्या पृष्ठभागावरचे काही रेणू एकत्र गोळा होतात, आणि अशी पेशी शरीरात गेली की यकृत तिला ओळखून पटकन काढून टाकतं. पिशवी पुन्हा गरम केली तरी ही खूण पुरती पुसली जात नाही. 1969 मध्ये मर्फी आणि गार्डनर यांनी दाखवलं की खोलीच्या तापमानाला साठवलेल्या प्लेटलेट्स रुग्णाच्या रक्तात जास्त टिकतात. तेव्हापासून फ्रीज सुटला.

आम्ही इश्यू करताना पिशवी ट्यूबलाइटसमोर धरून हळूच हलवतो. ताकाच्या निवळीसारख्या त्या पिवळसर द्रवात चकाकत्या लाटा फिरल्या तर पेशी चपट्या आहेत. नुसतं मळकट, निपचित दिसलं तर ती पिशवी मी देत नाही.

उबदार साठवणीची किंमतही आहे: जंतू वाढतात. म्हणून लाल पेशी 35 ते 42 दिवस टिकतात, पण प्लेटलेट्स बहुतेक ठिकाणी 5 दिवसच. (गंमत म्हणजे वाहतं रक्त थांबवायचं असेल तर थंड प्लेटलेट्स चांगलं काम करतात, फक्त शरीरात गेल्यावर टिकत नाहीत. अमेरिकेत तशा कामासाठी 14 दिवस थंड साठवायची मुभा आहे. डेंग्यूत काउंट वाढवायला त्याचा उपयोग नाही.)

एक आगाऊ प्रश्न: वडिलांना रक्तस्राव आहे का, काउंट किती आहे? रक्तस्राव नसेल तर साधारण 10 हजारांच्या खाली गेल्याशिवाय प्लेटलेट्स लावत नाहीत. 40 हजारांवर पिशव्यांसाठी धावणारे नातेवाईक मी दर पावसाळ्यात पाहतो. हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा.

दुसरी पिशवी लागलीच तर बर्फ नको, गाडीची तापलेली डिकी नको. हातात धरून थेट वॉर्डात न्या, आणि लगेच लावा म्हणून सांगा.