वाचकांचे प्रश्न : सेंद्रिय मानके ठरवणाऱ्या मंडळावर कोणी बसावे?

प्रश्न : माझा भाचा कॅलिफोर्नियात गेली काही वर्षे प्रमाणित सेंद्रिय फळबाग करतो. अमेरिकेच्या कृषी खात्याने सेंद्रिय मानकांच्या सल्लागार मंडळासाठी नावे मागवली असून आपण अर्ज करावा का, असे त्याने मला विचारले आहे. मी स्वतः डाळिंब उत्पादक आहे आणि आमच्या गटाचा माल पुढेमागे अमेरिकेला जावा, अशी इच्छा आहे. हे मंडळ नेमके काय करते, सदस्याला मानधन मिळते का आणि आमचा त्याच्याशी काही संबंध येतो का?
— एक वाचक, सांगोला

उत्तर : मानधनाचे आधी सांगतो, कारण त्यावरून बरेच काही ठरेल. सदस्याला पगार मिळत नाही. प्रवासाचा आणि राहण्याचा खर्च तेवढा मिळतो. मुदत पाच वर्षांची असते. वसंत ऋतूत एक आणि शरद ऋतूत एक अशा दोन जाहीर बैठका दरवर्षी होतात आणि मधल्या काळात उपसमित्यांचे काम दूरध्वनीवरून चालू राहते. फळे उतरवण्याच्या दिवसांत बाग दुसऱ्याच्या हवाली करून कागदांचे गठ्ठे वाचण्याची भाच्याची तयारी आहे का, हे त्यालाच विचारावे.

१९९० च्या सेंद्रिय अन्न उत्पादन कायद्याने हे मंडळ निर्माण झाले आणि त्यावर अमेरिकेचे कृषिमंत्री १५ जणांची नेमणूक करतात. जागा वाटून दिलेल्या आहेत : चार शेतकरी, दोन प्रक्रिया उद्योजक, एक किरकोळ विक्रेता, तीन पर्यावरण क्षेत्रातील, तीन ग्राहक आणि लोकहित पाहणारे, एक शास्त्रज्ञ आणि एक प्रमाणीकरण संस्थेचा प्रतिनिधी. त्यामुळे नावे मागवली जातात ती त्या वर्षी रिकाम्या होणाऱ्या ठरावीक जागांसाठी. भाच्याने प्रथम शेतकऱ्याची जागा रिकामी आहे का, हे पाहावे. अर्जासोबत परिचयपत्र, स्वतःचे पत्र आणि खात्याचा एडी-७५५ हा माहितीचा फॉर्म जोडावा लागतो. पाठिंब्याची पत्रेही जोडता येतात.

कायद्याच्या शब्दांत शेतकऱ्याची जागा सेंद्रिय शेतीचा मालक असलेल्या किंवा ती चालवणाऱ्या व्यक्तीसाठी आहे. तरीही मोठ्या कंपन्यांच्या नोकरदारांना या जागांवर नेमल्याबद्दल तिथे बराच वाद झाला आणि प्रकरण न्यायालयापर्यंत गेले. आपल्याकडे बाजार समितीच्या निवडणुका पाहिलेल्यांना यात नवल वाटणार नाही. म्हणूनच, वेळ काढता येत असेल तर, स्वतः बाग राखणाऱ्या माणसाने अर्ज करावा, असे माझे मत आहे.

आता आपल्या तिसऱ्या प्रश्नाकडे वळू. सेंद्रिय शेतीत कोणते कृत्रिम पदार्थ चालतील याची अमेरिकेत एक राष्ट्रीय यादी आहे. मंडळाचे बहुतेक निर्णय निव्वळ शिफारशी असले, तरी मंडळाने सुचवल्याशिवाय एकही कृत्रिम पदार्थ या यादीत घालण्याचा अधिकार मंत्र्यांना नाही. शिवाय यादीतील प्रत्येक सवलतीची दर पाच वर्षांनी फेरतपासणी करावी लागते. निर्णायक ठरण्यासाठी झालेल्या मतदानाच्या दोनतृतीयांश मते लागतात, म्हणजे सर्व १५ जण मतदान करत असतील तर १०. सप्टेंबर २०१३ पर्यंत पदार्थ यादीत *ठेवण्यासाठी* ही १० मते लागत. त्यानंतर कार्यपद्धती बदलली आणि आता पदार्थ यादीतून *काढण्यासाठी* ती लागतात. तेच सदस्य आणि तीच मते असली, तरी नऊ विरुद्ध सहा अशा विभागणीत पूर्वी जो पदार्थ गेला असता तो आता राहतो. मंडळावर एक जागा कोणाकडे जाते याला किती वजन आहे, हे यावरून लक्षात येईल.

आपल्या बागेतले उदाहरण घेऊ. डाळिंबावरचा तेल्या रोग जिवाणूंमुळे होतो आणि त्यावर स्ट्रेप्टोसायक्लिन या प्रतिजैविकाची फवारणी आपल्या भागात वर्षानुवर्षे होत आली. अमेरिकेत सफरचंद आणि नासपतीवरच्या अशाच एका जिवाणूजन्य रोगासाठी टेट्रासायक्लिन आणि स्ट्रेप्टोमायसिन ही प्रतिजैविके सेंद्रिय बागांनाही चालत असत. बागायतदार म्हणत की याविना झाडे जातील. ग्राहकांची बाजू अशी की माणसाच्या औषधाला दाद न देणारे जिवाणू बागेत तयार होऊ नयेत. मंडळाने मुदत पुढे वाढवण्याची शिफारस केली नाही आणि २१ ऑक्टोबर २०१४ रोजी दोन्हींची सवलत संपली. मोरचूद (तांब्याचा क्षार) आणि चुन्याचे बोर्डो मिश्रण मात्र अजून चालते. अट एवढीच, की जमिनीत तांबे कमीत कमी साचेल अशा बेताने ते वापरावे. दर पावसाळी ढगाला बोर्डो मारणाऱ्यांनी ही अट लक्षात ठेवावी.

अमेरिकेला सेंद्रिय म्हणून माल पाठवायचा तर हीच यादी आपल्या बागेला लागू होते. आपल्या ‘अपेडा’ या कृषी निर्यात विकास प्राधिकरणामार्फत होणारी मान्यता ग्राह्य धरणारा करार अमेरिकेने जानेवारी २०२१ मध्ये संपवला आणि जुलै २०२२ मध्ये संक्रमणाची मुदतही सरली. आता अमेरिकेच्या कृषी खात्याने मान्य केलेल्या प्रमाणीकरण संस्थेचेच प्रमाणपत्र लागते आणि काढणीपूर्वी तीन वर्षे त्या जमिनीत निषिद्ध निविष्ठा (खते, औषधे) पडलेली नसावी लागते. मंडळावर आपण बसणार नसलो, तरी बैठकीपूर्वी ते लेखी मते मागवते. तेल्याशी झगडणाऱ्या बागायतदाराचा तांब्याबद्दलचा अनुभव तिथे पोहोचायला हवा, असे मला वाटते.

प्रश्न : आमचा मालदांडी ज्वारी पिकवणाऱ्यांचा ‘पीजीएस’ (सहभागी हमी पद्धतीचा) गट आहे. आपल्या देशात असे मंडळ आहे का आणि त्यावर नाव कसे सुचवावे?
— एक वाचक, मंगळवेढा

उत्तर : अगदी त्या धर्तीवर जागा वाटून दिलेले मंडळ आपल्याकडे नाही. निर्यातीसाठीचा राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम वाणिज्य मंत्रालयाच्या अखत्यारीत चालतो. त्याच्या सुकाणू समितीत मंत्रालये, ‘अपेडा’, मसाला, कॉफी, चहा यांसारखी मंडळे आणि काही संस्थांचे प्रतिनिधी असतात. या कार्यक्रमाच्या मानकांची आठवी आवृत्ती जानेवारी २०२५ मध्ये आली. आपला ‘पीजीएस’ कृषी मंत्रालयाकडे आहे. त्यात किमान पाच शेतकऱ्यांचा गट लागतो आणि सदस्यच एकमेकांच्या शेतांची तपासणी करतात. देशात विक्रीसाठी २०१७ च्या अन्नसुरक्षा विनियमांत दोन्ही पद्धती मान्य आहेत. परदेशी पाठवायला ‘पीजीएस’ चालत नाही.

नाव सुचवण्याची खुली जाहिरात येण्याची वाट पाहत बसू नये. अन्नसुरक्षा प्राधिकरण नियमांचे मसुदे हरकती आणि सूचनांसाठी प्रसिद्ध करते. गटाच्या बैठकीत ते वाचून, कलमाचा क्रमांक देऊन, गटाच्या नावाने मत पाठवावे. तपासणीच्या नोंदवहीतील दोन-तीन हंगामांच्या नोंदी सोबत जोडल्या, तर ते मत निव्वळ तक्रार म्हणून बाजूला सारणे अवघड जाते.