कार्बनच्या कलेक्टरवर आयुष्य काढायचं का?

प्रश्न: मी एम.एस्सी. रसायनशास्त्राच्या पहिल्या वर्षाला आहे. लिथियम-आयन बॅटरीच्या कॅथोडसाठी कार्बनचे करंट कलेक्टर, हा प्रकल्प सरांनी सुचवलाय. पुढे पीएच.डी. करायची आहे. 'एवढ्याशा विषयावर नोकरी कोण देणार?' असं बाबा विचारतात. काय करू?

उत्तर: विषय घे. बाबांची शंका मात्र रास्त आहे, म्हणून तो का घ्यायचा ते नीट समजून घे.

करंट कलेक्टर म्हणजे इलेक्ट्रोडमधली वीज गोळा करून बाहेर नेणारा पातळ पत्रा. कॅथोडचा, म्हणजे धन इलेक्ट्रोडचा, लेप त्यासाठी आज अ‍ॅल्युमिनियमच्या फॉइलवर देतात. 15 मायक्रॉनच्या फॉइलचं वजन दर चौरस सेंटिमीटरला सुमारे 4 मिलिग्रॅम भरतं, आणि ती स्वतः काहीच ऊर्जा साठवत नाही. शिवाय बॅटरीतल्या काही क्षारांच्या द्रावणात, उदाहरणार्थ लिथियम टीएफएसआय, जास्त व्होल्टेजला तिला खड्डे पडतात. कार्बन हलका असतो आणि असा गंजत नाही, म्हणून त्याचं आकर्षण. पण तो अ‍ॅल्युमिनियमइतकी वीज वाहत नाही, त्याला टॅब (वीज सेलबाहेर नेणारी धातूची जीभ) वेल्ड करणं अवघड, आणि ग्राफाइट असेल तर फार वरच्या व्होल्टेजला त्याच्या थरांत ऋण आयन शिरतात.

इथेच विद्यार्थी फसतात. कॉइन सेलमध्ये, म्हणजे नाण्यासारख्या छोट्या सेलमध्ये, वीज कलेक्टरच्या जाडीतून थेट डबीत उतरते, म्हणजे प्रवास जेमतेम काही मायक्रॉनचा. पाउच सेलमध्ये, म्हणजे पाकिटासारख्या चपट्या सेलमध्ये, तिला पूर्ण पट्टीभर आडवं धावून टॅब गाठावा लागतो. कॉइन सेलमध्ये झकास दिसलेला कार्बन तिथे दमतो. त्यामुळे सरांना पहिला प्रश्न हाच विचार: आपल्या प्रयोगशाळेत पाउच सेल बनतात का? नसतील, तर निदान चार टोकांच्या प्रोबने शीटचा रोध मोजायची सोय हवी.

नोकरीचं म्हणशील तर निव्वळ कार्बनचे कलेक्टर अजून बहुतांशी संशोधनातच आहेत. कार्बनचा पातळ लेप दिलेली अ‍ॅल्युमिनियम फॉइल मात्र उद्योगात वापरतात, विशेषतः लिथियम आयर्न फॉस्फेटसोबत. तुझ्या प्रकल्पात तुलनेसाठी ती घेच. स्लरी (लेपाचं ओलं मिश्रण) बनवणं, लेप देणं, तो सोलून चिकटपणा तपासणं, इम्पिडन्सचा (बदलत्या विजेला होणाऱ्या रोधाचा) आलेख वाचून लेप आणि कलेक्टरमधला संपर्करोध वेगळा काढणं, हे हातात बसलं की सेल बनवणाऱ्या कुठल्याही कंपनीत तुला काय काम येतं ते सांगता येईल. बाबांना विषयाचं नाव सांगू नकोस, ही कामं सांग.

पीएच.डी.चा निर्णय आत्ताच नको. आधी स्वतःच्या हातांनी पन्नासेक सेल बांध, त्यातले किती एकसारखे चालतात ते पाहा, आणि मग मला पुन्हा लिही.